आमचा आयरिश

परदेशी शिकून आलेली माणसं आता तळेगाव ढमढेऱ्याला नवी राहिली नाहीत. कुणी जर्मनीहून मेकॅनिकल होऊन येतो आणि रांजणगावच्या एमआयडीसीत लागतो. कुणी अमेरिकेला जातो तो येतच नाही. त्याचे आईवडील तेवढे सहा महिने जाऊन येतात आणि पुढचे सहा महिने तिकडचे भाजीचे भाव सांगतात. अशांचा गावाला त्रास नाही. काय शिकला विचारलं तर एका शब्दात उत्तर येतं, पगार विचारला तर एका आकड्यात. पंचाईत होते ती आमच्या आयरिशची. तो आयर्लंडला गेला आणि आयर्लंडच शिकून आला.

जपानला जाऊन जपानी शिकणारा गावाला कळतो, कारण त्याला जपानी कंपनी उचलते. पण बँकेचं कर्ज काढून गॉलवे नावाच्या शहरात जायचं, तिथल्या विद्यापीठात आयर्लंडचा इतिहास, आयर्लंडचं साहित्य आणि आयर्लंडची संस्कृती घेऊन एम.ए. करायचं आणि मग परत येऊन बापाच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर बसायचं, याला म्हणायचं काय? गावानं बरेच दिवस विचार केला. काही सुचेना तेव्हा त्याचं नावच ‘आयरिश’ पाडलं. आता त्याच्या घरी कुरिअर आलं तरी पोरं सांगतात, "आयरिशचं घर ना? डाव्या हाताला, युरियाची पाटी बघा."

अंगानं तो आमच्यासारखाच आहे. फरक मानेच्या वर सुरू होतो. ऐन वैशाखात, शिरूर तालुक्यातली कुत्री ट्रॅक्टरखाली जाऊन पडतात त्या वेळी, याच्या डोक्यावर लोकरीची चपटी टोपी. गॉलवेच्या पावसासाठी विकत घेतलेली. टोपीच्या कडेनं घामाचे ओघळ येतात, ते तो पंच्यानं पुसतो आणि टोपी पुन्हा नीट बसवतो. "काढून ठेव की," म्हटलं तर म्हणतो, "सवय झालीय." चावडीवरच्या म्हाताऱ्यांना हे पटतं. त्यांनीही पन्नास वर्षांत आपली टोपी काढलेली नाही.

बोलण्यात त्याचं एक पालुपद आहे: "तिकडंही असंच झालं होतं." कांद्याचा भाव पडो, कालव्याच्या पाण्यावरून भांडण होवो, भावाभावांत बांधावरून डोकी फुटोत, शिक्रापूरच्या चौकात तासभर गाडी अडकून पडो, आयरिशकडं त्याला जोड असलेली आयर्लंडातली घटना सालासकट तयार असते. शिक्रापूरच्या कोंडीला तिकडं जोड नसावी असं आम्हाला वाटत होतं. पण तेव्हा त्यानं गायींचा कळप आडवा आल्यानं दोन तास थांबलेल्या बसची हकीकत सांगितली, आणि ती संपली तरी आमची बस तिथंच होती.

सहसा तो चिडत नाही. त्याला चिडवायचं एकच खात्रीचं औषध आहे. "काय रं, लंडनवरनं कधी आलास?" एवढं विचारायचं. मग टोपी मांडीवर येते. आयर्लंड म्हणजे इंग्लंड नव्हे, हे तो बाराव्या शतकापासून सांगायला घेतो. नॉर्मन येतात, क्रॉमवेल येतो, जमिनी जातात, भाषा जाते, १९२२ मध्ये एकदाचे इंग्रज जातात, पण उत्तरेचे सहा परगणे ठेवून घेतात. इतकं ऐकूनही समोरचा शांतपणे म्हणतो, "म्हंजी इंग्लंडच की. तिथनं जवळच."

एकदा मात्र त्यानं हा प्रश्न कायमचा निकालात काढला. झालं असं की, विद्यापीठाकडून आलेलं त्याच्या पदवीचं पाकीट कुणाच्या तरी हुशारीनं तळेगाव दाभाड्याला गेलं. ते परत मिळवायला बापलेकांना मावळात जावं लागलं. आल्यावर पारावर तो म्हणाला, "आपल्याला कुणी दाभाड्याचं तळेगाव म्हटलं तर कसं वाटतं?" सगळे एकदम उसळले. आपलं तळेगाव कुठं, ते कुठं! मध्ये अख्खं पुणं आहे. आपण वेळ नदीचे, ते इंद्रायणीकडचे. आपले सरदार ढमढेरे, त्यांचे दाभाडे. आयरिश म्हणाला, "बास. डब्लिनच्या माणसाला लंडनचा म्हटलं की असंच वाटतं. फक्त आपण पाकीट आणायला गेलो. ते साडेसातशे वर्षं भांडले." त्या दिवसापासून आमच्या गावात आयर्लंडला कुणी इंग्लंड म्हणत नाही. ढमढेरे-दाभाडे कळलं की आयर्लंड कळतं.

गॉलवेत त्याचं कसं चाललं होतं ते आम्हाला व्हिडिओ कॉलवरून कळायचं. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं गाव. समोर अटलांटिक, त्यामुळं पाऊस रोजचा. हा रडकुंडीला येऊन सांगायचा, "आबा, चौदा दिवस ऊन नाही." आणि इकडं त्याचे वडील, आबा, मृग कोरडा गेलेल्या रानात उभे. ते म्हणायचे, "तुला नको तर इकडं लावून दे." तिथलं विद्यापीठ १८४५ मध्ये स्थापन झालेलं. त्याच साली आयर्लंडातल्या बटाट्यावर रोग पडला आणि देशाचा कणा मोडणारा दुष्काळ सुरू झाला. हा दुष्काळ आयरिश सकाळी वर्गात शिकायचा. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करायची मुभा असते. ते वीस तास तो संध्याकाळी एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात बटाटे सोलायचा. आईला हे कळलं तेव्हा तिनं विचारलं, "एवढं कर्ज काढून बटाटं सोलायला गेलास व्हय? घरी सांगितलं तर उठत नव्हतास."

पण शिकला मन लावून. आयरिश भाषेचा एक वर्गही त्यानं केला. तिथली गंमत तो रंगवून सांगतो: रस्त्यावरच्या पाट्यांवर आयरिश वर, इंग्रजी खाली, राज्यघटनेत आयरिश ही पहिली राजभाषा, शाळेत पोरांना ती सक्तीची, आणि शाळा सुटल्यावर पोरं बोलतात इंग्रजी. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी यावर मान डोलावली. "आपल्याकडं उलटं आहे," ते म्हणाले. "इंग्रजी दहा वर्षं सक्तीची आणि बोलतात मराठीच. आपण जास्त चिवट."

दुष्काळाचा विषय त्यानं घरात काढला तो दिवस आम्ही विसरणार नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं, आजी दारात शेंगा फोडत होती. आयरिश भरल्या गळ्यानं सांगत होता की, १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला, एका रात्रीत रानं काळी पडली, वास सुटला...

"उशिराचा करपा," आबा मध्येच म्हणाले. कीटकनाशकाच्या धंद्यात त्यांचे केस पांढरे झालेत. "मॅन्कोझेब मारायचं."

"आबा, तेव्हा मॅन्कोझेब नव्हतं."

"मग बोर्डो मिश्रण. मोरचूद आणि चुना. ते तर जुनं औषध आहे."

आयरिशनं सांगितलं की, बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये निघालं १८८५ च्या सुमारास. म्हणजे करपा आल्यावर चाळीस वर्षांनी. आबा गिऱ्हाइकाकडं वळून म्हणाले, "म्हणून सांगतो, औषध वेळेत न्यावं माणसानं." गिऱ्हाइकानं दोन पुड्या जास्त घेतल्या. आयर्लंडच्या इतिहासानं आमच्या गावात केलेला हा पहिला व्यवहार.

पुढचं मात्र सगळ्यांनी गप्प बसून ऐकलं. सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी, जनावरं बोटींत भरून इंग्लंडला जात होती. आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बहात्तरला आमी खडी फोडली," ती म्हणाली, "पर सरकारनं सुकडी तरी दिली. त्यांला कुणी सुकडी बी दिली न्हाई व्हय?" आयरिशनं नंतर मला सांगितलं की, सरकारी धोरण आणि दुष्काळ यांवर तिकडं कपाटंच्या कपाटं भरलीत, पण प्रश्न एवढ्या थोडक्यात कुणी विचारला नव्हता.

गणपतीत त्याला मंडळानं ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं. आयरिशला दोन शब्द म्हणजे दोन शतकं. त्यानं १८९३ पासून सुरुवात केली. त्या साली टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ उभी केली, असं म्हणताच टाळ्या पडल्या. आणि त्याच साली ३१ जुलैला डब्लिनमध्ये डग्लस हाइड यांच्या पुढाकारानं आयरिश भाषेसाठी गेलिक लीग निघाली, असं म्हणताच शांतता पसरली. हुशार माणूस. लगेच ओळखलं. पुढं त्यानं प्रत्येक हाइडच्या मागंपुढं एकेक टिळक लावला. १९१६ च्या एप्रिलात २४ तारखेला डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव सुरू झाला (शांतता) आणि त्याच आठवड्यात, २८ तारखेला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली (टाळ्या). होमरूल ही मागणी मूळ आयर्लंडची (शांतता). ती टिळकांनी आपली केली (टाळ्या). अशा रीतीनं अर्धा तास झाला. साउंडवाला ताटकळला होता. शेवटी अध्यक्षांनी माइक घेऊन जाहीर केलं की, वक्त्यांनी टिळकांविषयी फार सुंदर माहिती दिली.

बचत गटाच्या बायकांपुढं त्याची तऱ्हा वेगळी. तिथं तो मार्गारेट कझिन्स बाईंना घेऊन गेला. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यात भरलं आणि ते भरवण्यात पुढाकार एका आयरिश बाईचा होता, हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. "रॉसकॉमन परगण्यातली बाई. मतदानाच्या हक्कासाठी तिकडं तुरुंगात गेली होती." गटाच्या अध्यक्षीण बाईंनी विचारलं, "त्या बाई कर्ज किती टक्क्यानं देत होत्या?" आयरिशनं याचा शोध घ्यायचं कबूल केलं.

आयर्लंडचं सगळं तो गोडच सांगतो अशी तक्रार गुरुजींनी फार दिवस मनात ठेवली होती. बडनेऱ्यात जन्मलेल्या पुरोहितस्वामींनी कवी येट्स यांच्याबरोबर बसून दहा उपनिषदं इंग्रजीत आणली, ते पुस्तक १९३७ मध्ये निघालं. पुलंची ‘ती फुलराणी’ ज्या नाटकावरून आली ते लिहिणारा शॉ डब्लिनचा. कोकणातल्या वराडच्या घराण्यातला लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला. हे सगळं गुरुजी ऐकून घेत. एके दिवशी म्हणाले, "बाळ, जालियनवाला बाग झाली तेव्हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर कोण?"

"मायकेल ओड्वायर."

"कुठला?"

टोपी मांडीवर आली. "टिपररी."

"ते कुठं आलं?"

"आयर्लंडात."

"आणि १८०३ मध्ये नगरचा किल्ला घेणारा वेलस्ली कुठं जन्मला?"

"डब्लिनला," आयरिश पुटपुटला.

गुरुजी चहाकडं वळले. त्या दिवशी ‘तिकडंही असंच झालं होतं’ एकदाही ऐकू आलं नाही. पण आयरिशचा एक गुण असा की, दुसऱ्या दिवशी तो स्वतःच गुरुजींकडं गेला आणि आयरिश माणसं इंग्रजांच्या फौजेत आणि कचेऱ्यांत इतकी का होती, यावर एक तास बोलून आला. गुरुजी म्हणाले, "नोकरीसाठी गेली, एवढंच ना? मग तसं सांग. आपलीही गेली होती."

लग्नाच्या बाजारात त्याचा निभाव लागणं कठीण आहे. बायोडेटात ‘एम.ए. (आयर्लंड)’ बघून न्हावऱ्याकडचं एक स्थळ चालून आलं. मुलीच्या वडिलांनी पोहे खाऊन मुद्द्याला हात घातला, "पॅकेज काय?" आयरिश म्हणाला, "पॅकेज नाही, दृष्टिकोन आहे." ते म्हणाले, "तो किती एकर?" आबांनी घाईघाईनं ऊस आणि विहीर सांगून वेळ मारून नेली, पण स्थळ गेलं. मुलगी जाताना मात्र विचारून गेली की, ती फुलराणी शेवटी प्राध्यापकाशी लग्न करते की नाही. आयरिश अजून त्यावर टिपण काढतोय.

मग त्याचा तो १६ जूनचा सण. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही सगळी कादंबरी १९०४ च्या १६ जून या एका दिवसात घडते. त्यातला ब्लूम नावाचा माणूस दिवसभर डब्लिनभर हिंडतो, म्हणून डब्लिनचे लोक त्या तारखेला तसेच कपडे करून त्याच वाटेनं हिंडतात. आयरिशनं ठरवलं, तळेगावातही हिंडायचं. वेशीपासून एसटी स्टँडपर्यंत. ब्लूम सकाळी गुर्दा परतून खातो, तेव्हा न्याहारीही तीच. हे ऐकून त्याचा चुलतभाऊ लगेच तयार झाला. नेमका त्या वर्षी १६ जूनला सोमवार आला आणि आजीनं गुर्दा घरात येऊ दिला नाही. दोघं साबुदाण्याची खिचडी खाऊन निघाले. वाटेत चुलतभावाला खताची पोती उतरवायला कुणीतरी हाक मारली. आयरिश एकटाच स्टँडवर पोचला, बाकावर बसून त्यानं पुस्तकातलं पान मोठ्यानं वाचलं, आणि शिरूरला जाणाऱ्या एका बाईनं तो गाडीची वेळ सांगतोय असं समजून दोनदा विचारलं, "म्हंजी ती उशिरा हाय का?"

आता मुख्य गोष्ट. गॉलवेत असताना एका तासाला कॅप्टन बॉयकॉटचं प्रकरण निघालं. गॉलवेच्या उत्तरेला मेयो परगण्यात मास्क सरोवराच्या काठी हा जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये त्यानं खंड थकलेल्या कुळांना हुसकावायला काढलं तेव्हा गावानं त्याला वाळीत टाकलं. मजूर येईनात, दुकानदार माल देईना, टपाल पोचेना. शेवटी उत्तरेतून पन्नासेक मजूर पीक काढायला आणले आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास शिपाई. पाचशे पौंडांचं पीक काढायला सरकारला दहा हजार पौंड पडले असं तिकडं सांगतात. कॅप्टन देश सोडून गेला आणि त्याचं आडनाव साऱ्या जगाच्या भाषांत राहिलं. आमचा आयरिश हल्ली दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवतो, त्यात कर्मणी प्रयोगाचं उदाहरणही तेच असतं: बॉयकॉट वॉज इग्नोअर्ड.

तर त्या तासाला बाईंनी विचारलं, तुमच्या भागात असं काही घडलं होतं का? हा म्हणाला, गांधीजी. बाई म्हणाल्या, त्याच्या आधी? याला काही सांगता येईना. ते त्याला लागलं. ग्रंथालयात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शोधत बसला आणि १८७५ च्या दंग्यांवर नेमलेल्या सरकारी आयोगाच्या कामकाजाशी येऊन ठेपला. इंग्रजी स्पेलिंगांत अडखळत वाचतो तर पुणे जिल्हा, तालुका शिरूर, गाव कर्डे.

कर्डे! कर्ड्याला त्याची सख्खी मावशी दिलेली आहे. लहानपणापासून दरवर्षी जत्रेला हा कर्ड्याला जाऊन मटण खाऊन आलेला. आणि त्याच कर्ड्यात डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकारानं दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुखांवर कोर्टाचा हुकूम आणला, घर पाडलं, आणि गाव पेटून उठलं. सावकारांच्या दुकानांतून कुणी काही घेईना, त्यांची शेतं कुणी कसेना, बलुतेदारांनी हात आखडले, घरकामाला माणूस मिळेना. हे लोण गावोगाव गेलं. पुढच्या मे महिन्यात, १२ तारखेला, भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं बाहेर काढून जाळली गेली, आणि मग पुणे-नगर जिल्ह्यांत भडका उडाला. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. आयर्लंडात जमिनीच्या प्रश्नावर मोठी संघटना निघाली तीही १८७९ मध्ये, आणि बॉयकॉटचं प्रकरण त्यानंतरचं. म्हणजे कर्डे सहा वर्षं पुढं.

गॉलवेत तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. त्यानं तसाच मावशीला फोन लावला. इथं पहाटेचे साडेचार. "मावशी, तुमच्या गावात काळूराम कोण होता?"

"कंचा? पिठाच्या गिरणीवाला?"

"नाही, दीडशे वर्षांपूर्वीचा."

मावशीनं फोन ठेवला आणि बहिणीला लावला, "पोराला माघारी बोलाव. तिकडची हवा मानवंना."

गावी आल्यावर आयरिशनं ही हकीकत पारावर सांगितली, आणि इथं त्याच्या आयुष्याला वळण लागलं. इतके दिवस तो आम्हाला आयर्लंड दाखवत होता आणि आम्ही जांभया देत होतो. आता गावच पुढं सरसावलं. "म्हंजी बॉयकॉट आपल्याकडनं तिकडं गेला?" आयरिश घाबरून म्हणाला, "तसं नाही. दोन्हीकडं वेगवेगळं घडलं. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला याला पुरावा नाही." पुरावा या शब्दापर्यंत कुणी थांबलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर ठरलं होतं की, बॉयकॉट साहेब आधी घोडनदीला कलेक्टर होता, कर्डेकरांनी त्याला हाकलला आणि मग तो आयर्लंडला बदलून गेला. रात्री व्हॉट्सॲपवर तालुक्याच्या नकाशासकट संदेश फिरला: ‘जगाला बहिष्कार शिकवणारा शिरूर तालुका. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ आयरिशनं ग्रुपवर लिहिलं, "याला संदर्भ काय?" खाली एकवीस जणांनी उत्तर दिलं, "तूच."

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना समजवायचा प्रयत्न केला. घोडनदीला कलेक्टर कधी नव्हता. बॉयकॉट हिंदुस्थानात नव्हता. आणि वाळीत टाकण्याची चाल दोन्हीकडं त्याहून जुनी आहे, तिचा वापर गरिबांविरुद्धही झालेला आहे. गावाला हे आवडलं नाही. एवढी चालून आलेली कीर्ती हा सालं आणि पुरावे काढून घालवतो म्हणजे काय? ‘बहिष्काराचे माहेरघर’ अशी कमान उभारायची कल्पना निघाली होती, तीही याच्यामुळं बारगळली. चार दिवस त्याच्याशी कुणी बोललं नाही. टपरीवर चहा मिळेना, पारावर जागा मिळेना, दहावीची पोरं क्लासला येईनात. पाचव्या दिवशी तो गुरुजींना म्हणाला, "तिकडंही असंच झालं होतं."

हल्ली तो फटफटीवर गावोगाव हिंडतो. कर्डे झालं, आता पलीकडची गावं. कुणाच्या माळ्यावर जुनी खतावणी आहे का, गहाणखत आहे का, पणजोबांच्या अंगठ्याचा कागद आहे का, विचारत फिरतो. लोक आधी बँकेचा वसुलीवाला समजून दार लावतात. मग टोपी बघून उघडतात. कागद फारसे मिळत नाहीत, कारण दंग्यात ते जाळण्यासाठीच तर सगळी धडपड होती. "शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दंगा बरोबर होता," तो उसासा टाकून म्हणतो, "अभ्यासकाच्या बाजूनं फार वाईट झालं." मग डब्लिनचा दफ्तरखाना १९२२ च्या यादवीत कसा जळून गेला ते सांगतो. परवा त्यानं घरात जाहीर केलं की, पीएच.डी. करायची आहे. आबांच्या हातातलं बिलबुक खाली पडलं. "परत तिकडं?" "नाही आबा, कर्ड्याला." आबांनी बिलबुक उचललं आणि पेट्रोलला शंभर रुपये दिले.

खरं सांगायचं तर कर्डे आमच्या तालुक्यातलं असून आमच्यापैकी एकालाही ही गोष्ट ठाऊक नव्हती. मावश्या सगळ्यांनाच असतात. तिथं आपण मटण खाऊन येतो. हा पोरगा सात समुद्र ओलांडून गेला, बटाटे सोलले, भिजला, कर्जात बुडाला आणि तिथं बसून त्यानं आपल्या मावशीचं गाव वाचलं. यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि आम्ही ते हसून घेतलं. पण गावाच्या इतिहासाबद्दल छाती फुगवणारे आमच्याकडं शेकड्यांनी आहेत. खोटी कीर्ती चालून आली असताना ‘पुरावा नाही’ म्हणणारा हा एकच.

तुमच्याही गावात असा कुणी परत आला असेल, तर त्याला पॅकेज विचारू नका. माळ्यावरची जुनी पेटी उघडून दाखवा. रद्दीवाला ती किलोवर नेतो. हा वाचून, पावती देऊन, परत आणून ठेवतो. फक्त चहा पाजावा लागतो आणि आयर्लंडचं थोडं ऐकून घ्यावं लागतं.